एका फळीची हकीकत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी ज्या विद्वान वक्त्यांची भाषणे झाली त्यांचे विषय भारदस्त होते. संतवाङ्मय झाले, रंगभूमी झाली, मराठ्यांचा उत्तरेकडील इतिहास झाला. चिटणिसांनी आम्हांला पत्र धाडले त्यात मात्र ‘विषय हलकाफुलका, तथापि माहितीपूर्ण असावा’ अशी सूचना होती. तिचा पूर्वार्ध कितपत पाळला जाईल हे सांगवत नाही. उत्तरार्धाची आम्ही काळजी घेऊ. विषय आहे, पिनबॉल नावाच्या अमेरिकन खेळयंत्रातील जुन्या इलेक्ट्रॉनिक फलकांच्या दुरुस्तीसाठी बनवावयाची चाचणीची फळी. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, आणि आयुष्य गेले केंद्र सरकारच्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचविण्यात. तेव्हा अधिकाराचा प्रश्न कुणी उपस्थित करू नये. मात्र जे सांगणार आहोत ते स्वतःच्या हातांनी केलेले आहे.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांनी लहानपणी बगाटेलची फळी पाहिली असेल. खिळ्यांची कुंपणे, त्यांत रंगविलेले आकडे, उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या आणि पोलादी गोळ्या. मे महिन्याच्या सुटीत ती पलंगाखालून निघे आणि शाळा उघडली की पुन्हा पलंगाखाली जाई. पिनबॉल हे त्याच फळीचे अमेरिकेत वाढलेले भावंड होय. तो स्प्रिंगचा दट्ट्या सिनसिनाटीत स्थायिक झालेल्या मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रज गृहस्थाच्या १८७१ च्या पेटंटातला. पुढे १९३१ मध्ये, जागतिक मंदीच्या ऐन भरात, डेव्हिड गॉटलीब यांनी शिकागोत ‘बॅफल बॉल’ हा पेनीत खेळता येणारा खेळ काढला, आणि खिशात पेनीपलीकडे फारसे काही नसलेल्या जनतेने तो उचलून धरला. १९३२ मध्ये रेमंड मोलोनी यांनी ‘बॅलीहू’ काढला. त्या खेळावरूनच त्यांच्या कंपनीचे नाव ‘बॅली’ पडले. शिकागो ही या धंद्याची राजधानी झाली ती तेव्हापासून.

या खेळाच्या वाट्याला वनवासही आला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी त्याला जुगारात काढले आणि १९४२ मध्ये त्या शहरात बंदी आली. पोलिसांनी घणांनी यंत्रे फोडली. पुढे १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात प्रथमच फ्लिपर आले, म्हणजे बटण दाबताच चेंडूला परत वर फटकावणारे लहान दांडे. खेळ आता निव्वळ नशिबाचा उरला नव्हता. तरीही न्यूयॉर्कची बंदी १९७६ पर्यंत टिकली. ती उठली तेव्हा रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगरपरिषदेच्या समितीसमोर यंत्र मांडले, चेंडू कोणत्या मार्गिकेतून जाईल ते आधी सांगितले, दट्ट्या ओढला, आणि चेंडू तेथूनच गेला. समितीचे मत प्रात्यक्षिकाने बदलल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या पाहण्यात नाही.

आता यंत्राच्या पोटात शिरू. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे सारे विद्युत्-यांत्रिक पद्धतीने चाले. रिले, फिरणारी दातेरी चक्रे, गुण मोजणारी मोटर. बिघाड झाला तर तो डोळ्यांनी दिसे, कानांनी ऐकू येई. मग मायक्रोप्रोसेसर आला. मोटोरोला कंपनीचा ६८०० हा प्रोसेसर १९७४ मध्ये निघाला आणि १९७७ पासून बॅलीच्या यंत्रांत तो सर्रास बसू लागला. त्याच वर्षीचे त्यांचे ‘एट बॉल’ हे यंत्र वीस हजारांहून अधिक विकले गेले. आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, १९७७ पासून १९८५ च्या सुमारापर्यंत या कारखान्याने कितीतरी निरनिराळे खेळ काढले, पण डोक्यातले फलक जवळजवळ एकाच घराण्याचे ठेवले. प्रोसेसरचा फलक ए.एस.-२५१८-१७, आणि मागाहून -३५. खेळागणिक बदलत असे ती मुख्यतः रॉममधील आज्ञावली. शिकागोच्याच स्टर्न कंपनीने तर याच रचनेशी मिळतेजुळते फलक वापरले. म्हणजे एका घराण्याची चाचणीची फळी एकदा केली की डझनावारी खेळांचे फलक तिच्यावर तपासता येतात.

आमचा या विद्येशी संबंध आला तो २०२३ च्या हिवाळ्यात. भाचा शिकागोजवळ एका उपनगरात नोकरीनिमित्त राहतो. साठवलेली अर्जित रजा घेऊन आम्ही त्याच्याकडे दोन महिने राहावयास गेलो. (परदेशगमनाची परवानगी मिळविण्यास जो काळ लागला तो फळी बनविण्यास लागलेल्या काळाहून बराच अधिक होता.) भाच्याच्या शेजारी एक ऐंशी वर्षांचे गृहस्थ राहतात. उमेदीच्या काळात ते दुकानांतून व उपाहारगृहांतून ठेवलेल्या अशा यंत्रांची देखभाल करीत. त्यांच्या तळघरात एक ‘एट बॉल’ बंद पडून होते. हात थरथरू लागल्यामुळे सोल्डरिंग आयर्न धरणे त्यांना शक्य नव्हते, आणि दृष्टीही वर्षागणिक मंदावत चालली होती. नजर आहे तोवर हे यंत्र पुन्हा उजळलेले पाहावे, एवढीच त्यांची इच्छा. भाच्याने होकार दिला होता, आणि बाहेर बर्फ असल्यामुळे आम्हांलाही दुसरा उद्योग नव्हता.

यंत्राचे डोके उघडले तेव्हा प्रोसेसरच्या फलकाचा डावीकडचा खालचा कोपरा हिरवट-काळा पडलेला दिसला. या फलकावर ५१०१ नावाची एक स्मृतीची आय.सी. असते. उच्चांक आणि यंत्रात पडलेल्या नाण्यांचा हिशेब ती ठेवते, आणि वीज गेली तरी तिचे विस्मरण होऊ नये म्हणून फलकावरच ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असे. ही बॅटरी वर्षानुवर्षांनी पाझरते. तिच्यातला क्षार तांब्याच्या रेषा खातो, सॉकेटांचे पाय खातो, रेझिस्टरांच्या तारा खातो. ज्या वस्तूची योजना स्मृती जपण्यासाठी केली तीच बुद्धीचा नाश करते, असा हा प्रकार. यात कारखान्याचा दोष मानण्याचे कारण नाही. ही यंत्रे चारपाच वर्षे पैसे मिळवून निवृत्त व्हावीत या हिशेबाने बांधलेली होती. सेहेचाळीस वर्षांनी कुणी त्यांच्यासाठी जीव टाकील हे त्या अभियंत्यांच्या स्वप्नातही नसेल.

भाच्याचे म्हणणे सरळ होते. आजकाल या फलकांच्या जागी चपखल बसणारे नवे फलक विकत मिळतात. “मामा, नवा मागवू. तासाभराचं काम आहे. या गंजक्याशी कोण झटणार?” शेजारच्या गृहस्थांना ते मान्य नव्हते, आणि त्यांचे कारण भावनेचे नव्हते. ते म्हणाले, की जुना फलक का मेला हे कळण्याआधी नवा लावाल, तर ज्या कारणाने तो मेला त्याच कारणाने नवाही मरेल. खेळफळीखाली एखादी कॉइल आतून जळून तिचा रोध शून्याजवळ आला असेल, तर ती जोडल्या क्षणी तिला चालविणाऱ्या ट्रान्झिस्टरचा बळी घेते, मग ट्रान्झिस्टर जुना असो वा नवा. शिवाय उलटेही घडते. ट्रान्झिस्टर आतून जुळून बसला, तर त्याची कॉइल वीज चालू करताच ओढली जाते ती सुटतच नाही. क्षणभर ओढण्यासाठी गुंडाळलेली ती कॉइल थोड्याच वेळात धुरावते. लाकडी पेटीत, तळघरात. म्हणून त्यांचा दंडक असा, की फलक यंत्रातून बाहेर काढावेत, एकेकटे तपासावेत, आणि यंत्रातील तारा व कॉइला स्वतंत्रपणे मोजाव्यात. दोन्हीकडे निर्वाळा मिळाल्यावरच त्यांची गाठ घालावी. त्यासाठी चाचणीची फळी हवी.

आम्हांला हे तत्काळ पटले, कारण फळीचे तत्त्व आमच्या परिचयाचे होते. आपल्याकडे वायरमनच्या दुकानात भिंतीला एक लाकडी पाट असतो: एक होल्डर, त्यात दिवा, दोनतीन बटणे, एक सॉकेट. तोच सिरीज टेस्टिंग बोर्ड. दुरुस्त केलेली इस्त्री थेट विजेला न जोडता दिव्यातून जोडावयाची. आत शॉर्ट असेल तर दिवा भगभगीत पेटतो, पण फ्यूज उडत नाही आणि इस्त्रीही आणखी बिघडत नाही. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाला जे पहिल्या वर्षी हाताने बांधावयास लावतात, त्याचाच विस्तार म्हणजे आमची ही फळी.

प्लायवुडचा सुमारे दोन फूट बाय तीन फुटांचा तुकडा घेतला. त्यावर प्रथम वीजपुरवठा. प्रोसेसरच्या फलकाला एकट्याने चालावयास दोनच व्होल्टता लागतात, ५ आणि १२. जुन्या संगणकातून काढलेला वीजपुरवठा या दोन्ही देतो, आणि मोडीत काढलेल्या संगणकांना अमेरिकेत तोटा नाही. प्रत्येक वाटेत एक लहान फ्यूज आणि एक स्विच बसविला. फ्यूज मुद्दाम कमी क्षमतेचा घेतला. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळण्याचा आपला राष्ट्रीय छंद आहे; शेजारच्या गृहस्थांकडून कळले की तिकडे सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळीत. माणूस सगळीकडे सारखाच.

दरम्यान कोपऱ्याची शुश्रूषा सुरू होती. बॅटरी कापून काढली. गंजलेले सर्व भाग उतरविले. सिरका आणि पाणी समभाग घेऊन ब्रशाने तो कोपरा धुतला, कारण क्षाराला आम्लाचा उतारा. मग स्वच्छ पाण्याने, आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. त्यानंतर तांबे लखलखीत गुलाबी दिसेपर्यंत बारीक पॉलिश कागदाने घासले. यात कसूर चालत नाही. काळवंडलेल्या तांब्याला सोल्डर धरतच नाही, भांड्याला डाख देणारा जसा आधी भांडे घासतो तसेच हे. दोन ठिकाणी रेषाच खाल्ल्या गेल्या होत्या, तेथे केसासारख्या तारेने जोड दिला. मग नवे सॉकेट, नवे रेझिस्टर, नवे ट्रान्झिस्टर. या कोपऱ्याला इतके महत्त्व का? तर प्रोसेसरला ‘वीज पुरेशी आली, आता काम सुरू कर’ असे सांगणारी रचना नेमकी तेथेच आहे. ती मुकी झाली तर बाकीचा फलक धडधाकट असूनही प्रोसेसर आज्ञेची वाट पाहत बसतो. कार्यालयीन जीवनाशी परिचित असलेल्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

आता या फलकाची जी खुबी आम्हांला सर्वांत आवडली तिच्याकडे वळतो. फलकावर तांबड्या रंगाचा एक छोटा एल.ई.डी. असतो. वीज मिळताच प्रोसेसर स्वतःच्या परिवाराची तपासणी करू लागतो, आणि एकेक जण उत्तीर्ण झाला की तो दिवा एकेकदा लुकलुकतो. आरंभी एक ओझरती चमक येते. तिचा अर्थ, प्रोसेसर जागा आहे. त्यानंतर पहिली लुकलुक रॉम ठीक असल्याची. दुसरी ६८१० या तात्पुरत्या स्मृतीची. तिसरी बॅटरीवर जगणाऱ्या ५१०१ ची. चौथी व पाचवी दोन पी.आय.ए. आय.सीं.ची; बाहेरच्या जगाशी होणारा सर्व व्यवहार या दोघींमार्फत चालतो, त्यांना आवक-जावक विभाग म्हणावयास हरकत नाही. सहावी ५५५ या कालमापक आय.सी.ची, जिच्या तालावर गुणांचे आकडे पेटतात. आणि सातवी लुकलुक कॉइलांना जाणारी ४३ व्होल्टची वीज पोचली आहे याची. सात झाल्या की खेळ सुरू. कमी झाल्या, तर जेथे थांबल्या त्याच्या पुढच्याकडे बोट दाखवावे. १९७७ साली, एका दिव्याच्या भाषेत, इतका नेमका अहवाल! आमच्या हाताखालून गेलेल्या कित्येक सविस्तर अहवालांतून दोष कोठे आहे एवढेच तेवढे कळत नसे.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा दिवा पेटला आणि पेटूनच राहिला. याचा अर्थ प्रोसेसर उठलेलाच नाही. अशा वेळी घाईने आय.सी. बदलत सुटू नये, असे शेजारच्या गृहस्थांनी बजावले. आधी प्रत्येक आय.सी.च्या पायाशी ५ व्होल्ट पोचतात का ते पाहा. मग उठविण्याची आज्ञा पोचते का. मग घड्याळाचे ठोके, जे या फलकावर सेकंदाला सुमारे पाच लक्ष पडतात. आमच्या फलकात आज्ञा येत होती, ठोके पडत होते, परंतु रॉमच्या एका सॉकेटची पकड सैल झालेली होती. सॉकेट बदलले. ओझरती चमक, एक, दोन... आणि थांबला. तिसरी ५१०१ ची, म्हणजे बॅटरीच्या सर्वांत निकटची शेजारीण. ती बदलताच सहापर्यंत मजल गेली.

सातवी काही केल्या येईना. भाच्याने सोय म्हणून फळीवर ४३ व्होल्टच्या जागी एक साधा, गाळलेला, सपाट एकदिश पुरवठा लावला होता. गृहस्थ खुर्चीवरून हसत होते. गोम अशी, की मूळ यंत्रातील ही वीज ट्रान्सफॉर्मरमधून येऊन फक्त डायोडांमधून जाते. तिला सपाट करणारा कपॅसिटर मुद्दामच ठेवलेला नसतो. त्यामुळे ती लाटांनी येते आणि प्रत्येक लाटेनंतर शून्याला टेकते. अमेरिकेतील वीज साठ आवर्तनांची, म्हणून सेकंदाला १२० लाटा. आपल्याकडे त्याच १०० होतील. प्रोसेसर प्रत्यक्षात व्होल्ट मोजत नाही, तो हे शून्याला टेकणे मोजतो. सपाट वीज कधी टेकतच नाही, मग तो पुढे सरकणार कसा? फळीवर एक ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड बसविले, आणि सातवी लुकलुक आली. तळघरात तिघांनी टाळ्या वाजविल्या.

दिव्यांच्या फलकातही हेच रहस्य आहे, किंबहुना तेथे ते अधिक स्पष्ट होते. साठ दिवे, आणि प्रत्येकाला एक एस.सी.आर. एस.सी.आर. हा असा द्वारपाल आहे की त्याला दार उघड म्हणून एकदा इशारा करता येतो, पण बंद कर म्हणून सांगता येत नाही. वाहता प्रवाह थांबला की ते दार आपोआप मिटते. लाटांच्या विजेत प्रवाह सेकंदाला १२० वेळा थांबतो, म्हणून प्रत्येक लाटेला नवा निर्णय घेता येतो. त्या फलकाच्या चाचणीसाठी सपाट वीज वापराल तर एकदा पेटलेला दिवा विझणारच नाही, आणि निर्दोष फलक सदोष ठरेल. यास्तव फळीवर ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, आणि कपॅसिटर नाही. दुसरे पथ्य असे, की आम्ही काटकसर म्हणून साठ एल.ई.डी. लावण्याच्या विचारात होतो, परंतु एल.ई.डी.ला लागणारा प्रवाह इतका थोडा असतो की एस.सी.आर.चे दार तेवढ्यावर उघडे राहत नाही. दिवा कापरे भरल्यासारखा थरथरतो. एल.ई.डी.च्या जोडीला आडवा रेझिस्टर द्यावा, नाहीतर सरळ जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब वापरावेत. आम्ही बल्ब वापरले. फळीवर साठ लहान दिवे ओळीने बसविले तेव्हा बहीण, म्हणजे भाच्याची आई, हिने व्हिडिओवर ते पाहून दिवाळी लवकर आली का असे विचारले.

कॉइलांच्या फलकासाठी फळीवर खऱ्या कॉइला लावणे वेडेपणाचे होईल. आम्ही कॉइलेच्या जागी १२ व्होल्टचे छोटे बल्ब जोडले. वीज देताच एकही बल्ब पेटता कामा नये. जो पेटेल त्याचा ट्रान्झिस्टर आतून जुळलेला आहे असे समजावे. प्रोसेसरचा फलक जोडून स्वयंचाचणी लावली की बल्ब एकामागून एक क्षणभर चमकून जातात. जो चमकणार नाही त्याच्या वाटेत कोठेतरी तुटले आहे. आमच्या फलकावर पहिल्या क्षणीच एक बल्ब पेटला आणि पेटूनच राहिला. गृहस्थांनी क्रमांक विचारला, मनाशी काही जुळविले, आणि म्हणाले की चेंडू खड्ड्यात पडल्यावर त्याला परत मार्गाला लावणारी जी कॉइल असते ती जाऊन पाहा. भाच्याने यंत्राची खेळफळी उचलून मल्टिमीटर लावला. इतर कॉइला काही ओहम रोध दाखवीत होत्या; ही जवळजवळ शून्य. तिचा वेष्टनाचा कागदही तपकिरी पडला होता, आणि कॉइलेच्या टोकांवर आडवा जोडलेला डायोड एका बाजूने तुटून लोंबत होता. कॉइलेतला प्रवाह तोडताना तिच्यात उलट दाबाचा झटका निर्माण होतो. तो जिरविण्यासाठी हा डायोड. तो तुटला, झटक्याने ट्रान्झिस्टर मेला, ट्रान्झिस्टर जुळून बसल्याने कॉइल अखंड तापली, आणि तापून स्वतः जळाली. काही पैशांच्या डायोडपासून सुरू झालेली ही वंशावळ फळीने आम्हांला उलट क्रमाने दाखविली. नवा फलक तासाभरात बसवला असता तर त्या तासाच्या अखेरीस त्याचाही तोच ट्रान्झिस्टर गेला असता. भाचा त्यानंतर नव्या फलकाविषयी बोलला नाही.

आकड्यांच्या नळ्यांविषयी थोडक्यात, पण गंभीरपणे सांगावयाचे आहे. त्या काळच्या या यंत्रांतील आकडे नारिंगी रंगाने उजळतात ते वायूने भरलेल्या काचेत, आणि त्यांना १९० व्होल्ट लागतात. त्यासाठी आधी २३० च्या आसपास एकदिश वीज तयार होते व ती कपॅसिटरात साठते. यंत्र बंद केले, प्लग काढला, तरी ती तेथे काही काळ दबा धरून असते. पाच व्होल्टच्या सहवासात दिवसभर वावरलेला हात नकळत तेथे जातो. “मामा, तिथे बोट नको,” असे भाच्याने आम्हांला दोनदा दटावले, आणि ते योग्यच होते. आमचे मत असे की पहिली फळी करणाऱ्याने या व्होल्टतेला फळीवर स्थान देऊच नये. आकड्यांवाचून प्रोसेसर, दिवे आणि कॉइला यांची संपूर्ण परीक्षा होते. पुढे हात बसल्यावर ती घ्यावी, तीही ॲक्रिलिकच्या झाकणाखाली, वेगळ्या स्विचने, आणि वीज आहे हे सांगणाऱ्या तांबड्या दिव्यासह.

बटणांचे काम मात्र आनंदाचे आहे. खेळफळीवरील प्रत्येक स्पर्श प्रोसेसरला पाच उभ्या आणि आठ आडव्या तारांच्या जाळ्यातून कळतो, म्हणजे चाळीस जागा. फळीवर चाळीस बटणे लावली आणि प्रत्येकाला एक डायोड दिला. नाहीतर एकाच वेळी तीन बटणे दाबली असता न दाबलेले चौथेही दाबल्याचा भास होतो. एवढे झाल्यावर फळीवर, चेंडूशिवाय, बोटांनी पूर्ण खेळ खेळता येतो. एका रविवारी आम्ही तो तसा खेळलोही, आणि दिवे पाहून गुणांचा अंदाज बांधला.

फळीच्या खर्चाचा हिशेब ठेवण्याची सवय जात नाही, परंतु तो येथे सांगत नाही, कारण निम्म्याहून अधिक सामान भंगारातले होते. सर्वांत महाग पडले ते कनेक्टर. जुने कनेक्टर दिसावयास शाबूत, पण आतल्या पत्र्याची स्प्रिंग मेलेली. तेव्हा यंत्राचेही बरेच कनेक्टर नव्याने भरावे लागले. या कामाचे वर्णन करण्याजोगे त्यात काही नाही. दोनशेच्या आसपास बारीक टोके, एकेक करून. तीन संध्याकाळी गेल्या.

आमच्या परतीच्या आठ दिवस आधी सर्व फलक यंत्रात गेले. नवी कॉइल, नवा डायोड. बॅटरी आता फलकावर नाही. तीन साधे सेल लांब तारेने, पेटीच्या तळाशी, एका डबीत ठेवले आहेत. सेल पाझरले तरी डबीच खराब होईल. फलकाची मूळ रचना बॅटरीला भारित करणारी असल्यामुळे, तसे न होऊ देणारा एक डायोड त्या तारेत घातला आहे, हे विसरू नये. वीज दिली. सात लुकलुकी. या यंत्रात आवाजासाठी घंटाच आहेत, पट्ट्यांवर आपटणारे खरे टोल. पहिला चेंडू गृहस्थांनी स्वतः सोडला. दट्ट्याला थरथरत्या हाताचा काही अडसर होत नाही. चेंडू तीन टप्पे घेऊन खड्ड्यात गेला, टोल वाजले, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी आम्हांला खेळावयास सांगितले आणि स्वतः आवाजावरून, कोणता टोल किती गुणांचा, हे मोजत बसले. एकदाही चुकले नाहीत.

फळी भाच्याच्या गॅरेजमध्ये भिंतीला टांगलेली आहे. तिची कीर्ती त्या उपनगरात पसरली असून लोक फलक वर्तमानपत्रात गुंडाळून आणून देतात. गेल्या महिन्यात त्याचा निरोप आला: “मामा, स्टर्नचा एक फलक आलाय, तीनदा लुकलुकून थांबतो. काय करू?” तीननंतर थांबतो म्हणजे चौथीचा, पहिल्या पी.आय.ए.चा प्रश्न. दोन्ही पी.आय.ए. एकाच जातीच्या आणि सॉकेटात बसविलेल्या असतात. आम्ही उलट टपाली कळविले, की अरे, आधी दोघींची अदलाबदल करून पाहा. त्यानंतर चारदा लुकलुकला तर दोष आय.सी.चा, ती बदल. तीनवरच थांबला तर आय.सी. निर्दोष, सॉकेट आणि रेषा तपासावयास घे. उत्तर तासाभरात आले. चारदा लुकलुकला होता.